अकोल्याला धाडलेला फोटो

ता. १७ नोव्हेंबर १९४०

रिकाम्या हातानं परत आलो. मूर्खच आहे मी!

अकोल्याला ताजनापेठेत शालिकरामजींचा फोटो स्टुडिओ आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून म्हातारा जुनं सामान काढून टाकतोय, हे कळल्यापासून माझा जीव तिकडे लागला होता. लढाई सुरू झाली अन् जर्मन लेन्स यायची बंद झाली. आहेत त्या मुंबईवाले सांगतील त्या भावानं घ्या. माझ्यासारख्या संत्री-वांगी विकणाऱ्यानं नवी लेन्स घ्यायची म्हणजे मळ्यातली विहीर विकायला काढावी लागेल. म्हणून जुनी.

म्हाताऱ्यानं दोन समोर ठेवल्या. एक लहान. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ, झाडाचं पान न् पान दाखवील अशी. पण उजेड कमी घेते, समोरच्या माणसाला दगडासारखं बसवून ठेवावं लागतं. माझ्या लाकडी कॅमेऱ्यावर आज जी आहे तिचीच थोरली बहीण म्हणा. दुसरी मोठी, पितळेची, तांब्याएवढी, चेहऱ्यांसाठीच केलेली. उजेड भरपूर. मधलं चांगलं दिसतं, कडा मात्र लोण्यासारख्या वितळतात. शिवाय आतल्या दोन काचा ज्या डिंकानं चिकटवल्यात तो पिवळा पडलाय. आभाळाकडे धरून पाहिली तर आत सगळं धुकं. शालिकरामजी म्हणाले, धूळ आहे. धूळ! फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसली, काही जात नाही. म्हातारा दुसरीकडे पाहत बसला.

विचार करून सांगतो म्हणालो. मूर्तिजापूर येईपर्यंत वाटत होतं, लहान घ्यायला हवी होती. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा वाटलं, मोठी घ्यायला हवी होती.

ता. १९ नोव्हेंबर

टोपल्या भरताना बायको म्हणाली, तुमचं ध्यान कुठी आहे, किडकी वांगी वरतं ठेवून राहिले. पाहिलं तर खरंच ठेवत होतो. सुभद्राची नजर लेन्सपेक्षा तेज आहे.

ता. २३ नोव्हेंबर

आज नत्थुजी मामा आले. मायचे चुलतभाऊ. लग्नं जुळवायचा यांना भारी नाद. मला जसा फोटोचा.

जमुनासाठी स्थळ आणलंय! अकोल्याचे खुशालराव. आपल्यातलेच. केळीची अडत आहे. धाकट्या भावांचं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं. विशेष म्हणजे विचारणा त्यांच्याकडूनच. आमचं नाव त्यांना कुठून कळलं म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, नावं उडत जातात बाप्पा, तू कामाचं बोल. त्यांच्या आईचे पाय धरलेत, प्रवास होत नाही. म्हणून आधी मुलीचा फोटो धाडा, मग बघायला येतो म्हणतात.

माय देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली ती उठेचना.

जमुना माझी एकुलती बहीण. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, पण वण राहिले. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. बाकी काय कमी आहे तिच्यात? हार गुंफण्यात तिचा हात धरणारं अमरावतीत कोणी नाही. नवरात्रात अंबादेवीपाशी आमच्या हारांची टोपली तिच्याच हवाली असते. पण बघायला येणारे हात कुठं पाहतात? येतात, पान-सुपारी खातात, चार दिवसांनी निरोप येतो की पत्रिका जमत नाही. नकाराचं कारण सांगायचं नाही अन् मुलीकडच्यांनी विचारायचं नाही, अशी रीतच आहे. पत्रिका बिचारी, सगळ्यांची पापं तिच्या डोक्यावर.

तिच्या बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जाऊ लागली. या वेळी काही झालं तरी जमलं पाहिजे.

ता. २६ नोव्हेंबर

माझ्याच लेन्सवर जमुनाचा फोटो काढून पाहिला. काचेची प्लेट धुतली, कागदावर छाप उतरवली. या प्लेटींना लाल रंग काळा दिसतो. तिचे वण लालसर आहेत, ते सगळे काळे उतरले. वर लेन्स अशी स्वच्छ की एकही सुटला नाही. आहेत त्याच्या दुप्पट दिसतात.

जमुनानं छाप पाहिली. म्हणाली, "नथ किती साफ आली पाह्य भाऊ." तिला तो फोटो वाईट वाटला नाही असं मला वाटतं. मलाच वाटला. प्लेट गरम पाण्यात टाकून घासून कोरी केली.

लहान लेन्स घेतली नाही ते बरंच झालं. मोठीच पाहिजे.

ता. १ डिसेंबर

अकोला. मोठी अजून होती! हुश्श.

शालिकरामजींनी आपल्या कॅमेऱ्यावर चढवून दाखवली. समोर त्यांची सून उभी केली. मी काळ्या फडक्यात डोकं घालून मागच्या काचेवर पाहिलं. काय सांगू! उलटी सून, पण अशी मऊ, जशी सायीतून पाहतोय. तिच्या हनुवटीवर मोठा तीळ आहे. काचेवर तो नव्हताच.

त्याच क्षणी ठरलं. पिवळ्या डिंकावरून घासाघीस केली. म्हातारा शेवटी कबूल झाला की धूळ नव्हे. मनातून मला तो डिंकच हवा होता. दोष दाखवून भाव पाडला अन् त्याच दोषासाठी माल घेतला! बाजारात एवढी वर्षं बसतो, पण असा सौदा कधी केला नव्हता.

कशासाठी घेता म्हणून विचारलं त्यांनी. बहिणीच्या फोटोसाठी, लग्नाचं आहे, वण आहेत, असं सांगितलं. तर म्हणाले, प्लेट आणून द्या, मी बारीक पेन्सिल मारून वण बुजवून देतो, माझ्या पेन्सिलीवर अर्ध्या अकोल्याची लग्नं झाली. मी साफ नाही म्हणालो. पेन्सिल मारणं म्हणजे खोटं. लेन्सनं जे पाहिलं ते पाहिलं.

गाडीत लेन्स मांडीवर घेऊन बसलो. लेकराला घेतात तशी.

ता. ३ डिसेंबर

सुभद्रा म्हणते, त्यायनं पोरगी समोर पाह्यली म्हंजे? मी म्हटलं, प्लेट वण काळे करते, ही लेन्स ते मऊ करते, दोन्ही मिळून खरं तेच होतं. ती म्हणाली, हे तुमी मले सांगून राहिले का सोताले? जेवताना बोलू नको म्हणालो.

ता. ८ डिसेंबर

फोटो काढला.

मागच्या अंगणात, सकाळचं ऊन भिंतीवरून खाली यायच्या आधी. मागं गव्हाळी चादर. जमुनाला मायनं स्वतःची अंजिरी नऊवारी नेसवली. सुभद्रानं पावडर लावायला घेतली तर जमुनानं तिचा हात धरला. लावू नको म्हणाली. मी म्हटलं राहू दे, गरज नाही.

लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं. टोपण काढलं, मनात आकडे म्हटले, टोपण लावलं. तिनं पापणी हलवली नाही. असं स्थिर बसणं तिला कोणी शिकवलं? बघायला येणाऱ्यांनीच शिकवलं असेल.

छाप पाण्यातून वर काढली तेव्हा मीच थक्क झालो. दुधासारखा चेहरा. डोळे तेवढे साफ, बाकी सगळं हळूहळू विरत गेलेलं. वण? कुठं आहेत वण? माय रडायलाच लागली. देवी यायच्या आधी माही पोर अशीच होती म्हणाली.

जमुनानं छाप कितीतरी वेळ हातात धरली. मग म्हणाली, "हे पाहून कोनी आलं अन् मले पाह्यलं, त काय म्हनंल भाऊ?"

मी म्हटलं, एकदा घरी येऊ तर दे, तुझा स्वभाव पाहतील, हातचं खातील. पुढचं पुढं पाहू.

ती फुलझाडांना पाणी द्यायला गेली. मी फोटोला कार्ड लावत बसलो. कडा सरळ कापायला फार वेळ लागला.

ता. १० डिसेंबर

नत्थुजी मामा फोटो घेऊन अकोल्याला गेले. त्यांनी पाहिला तेव्हा आधी फोटोकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "तू त कारागीर झाला लेका" म्हणाले. छाती फुगली माझी. आता लिहिताना वाटतं, ती शाबासकी होती की आणखी काही?

ता. २२ डिसेंबर

निरोप नाही.

मोठी लेन्स घेऊन इतवारा बाजारात गेलो. मधली कोथिंबीरवाली तेवढी नीट, दोन्ही बाजूंचा बाजार नुसता वितळलेला. संत्र्याच्या बागेचा काढला तर झाडांची खिचडी. ही लेन्स चेहऱ्याशिवाय कशाच्याच कामाची नाही. हौसेच्या माणसानं लहानच घ्यावी. कोणी विचारलं तर मी हेच सांगीन. मला कोणी विचारत नाही.

ता. १२ जानेवारी १९४१

अकोल्याहून नकार. पत्रिका जमत नाही!

पत्रिका आम्ही पाठवलीच नव्हती. जमुनाची पत्रिकाच नाही!

मामांवर ओरडलो. कोणी सांगितलं त्यांना वणांचं? मामा शपथा घ्यायला लागले, आपण अवाक्षर काढलं नाही म्हणाले. फोटो पाहून म्हातारी खूष झाली होती, मुलगा बाहेर गेला होता. काल उत्तर विचारायला मामा परत गेले तर मुलानं दारातच फोटो हातात दिला अन् आत निघून गेला. बसासुद्धा म्हणाला नाही.

म्हणजे कोणीतरी सांगितलंच. अमरावतीत सांगणाऱ्यांना काय तोटा!

मायनं चूल पेटवली नाही. सुभद्रानं पेटवली. जमुना सगळ्यांना वाढून शेवटी जेवली, रोजच्यासारखी.

ता. १४ जानेवारी

संक्रांत. जमुनानं हातावर तिळगूळ ठेवला अन् माझ्या तोंडाकडे पाहून हसली. मी तो तसाच खिशात टाकला.

ता. २ फेब्रुवारी

चूक माझी आहे. लिहून ठेवतो.

जशी आहे तशी पोर दाखवली असती, तर नकार वणांना मिळाला असता. ते तिच्या सवयीचं होतं. आता नकार लबाडीला मिळाला. कोणीतरी त्यांना वणांचं सांगितलं असेल, अन् त्यांनी फोटो पाहून म्हटलं असेल, कसले लोक हे! अन् लबाड ठरली कोण? जिनं पावडरसुद्धा लावू दिली नाही ती.

पेन्सिल मारणं खोटं म्हणालो होतो मी. मोठा हरिश्चंद्र!

ता. ९ फेब्रुवारी

लेन्स परत करायला अकोल्याला गेलो. लहान लेन्स नागपूरच्या कोणीतरी नेली. शालिकरामजी म्हणाले, विकलेला माल परत घेत नाही. तेही बरोबरच. मीही घेत नाही.

तिथून पाय आपोआप केळीबाजाराकडे वळले. खुशालरावांची अडत विचारत विचारत गेलो अन् समोरच्या चहाच्या दुकानात बसलो. ते घडांवर हात फिरवत फिरत होते. उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरं फडकं. एका हमालाच्या पायात काही रुतलं तर आपणच खाली बसून काढलं. मग काहीतरी बोलले, सगळे हसले. साधा माणूस वाटला. मला तर वाटलं होतं, कोणी ऐटबाज असेल.

उठून जावं, हात जोडून म्हणावं, फोटोत लबाडी माझी होती, पोरीची नाही, एकदा येऊन तिला पाहा. चहा पुन्हा मागवला. पण नकार आल्यावर मुलीकडच्यानं दारात जायचं नसतं. लोक म्हणतील, पोरगी गळ्यात बांधायला आला. माय काय म्हणेल? मामांची काय अब्रू राहील?

चहा प्यालो अन् स्टेशनावर आलो. जमुनाला काही सांगितलं नाही.

ता. १६ मार्च

अंजनगाव सुर्जीचं स्थळ आलं. उत्तमराव. बिजवर आहेत, दोन लेकरं आहेत. केळीची बाग, पानमळा, घरचं चांगलं. वय बरंच आहे. फोटो नको म्हणाले, बघायलाही येत नाहीत. पोरगी कामाची आहे अन् लेकरांना जीव लावील ना, एवढंच विचारलं.

माय लगेच तयार. मी जमुनाला मळ्यात गाठलं. ती झेंडू तोडत होती. म्हटलं, तुझ्या मनात नसलं तर आताच सांग, मी मायला सांभाळतो.

ती म्हणाली, "हो म्हना भाऊ. त्यायनं तोंड पाहाले मागतलं नाई, तेच बरं झालं."

असं बोलणारी नव्हती ती. नकार आधीही आले, पण तोंड लपवावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. मीच शिकवलं तिला. दुधासारखा चेहरा हातात देऊन सांगितलं, की तुझा खरा चेहरा दाखवण्यासारखा नाही. दादल्यानं मारलं असतं तर निदान मी धावून गेलो असतो. हे तर भावानंच केलं, लाडानं केलं.

ता. १७ मार्च

होकार कळवला.

ता. २० एप्रिल

मांडवाची, वाजंत्रीची, भांड्यांची धावपळ. बरं आहे, विचार करायला वेळ नाही.

जमुनाला म्हटलं, जायच्या आधी तुझा एक फोटो काढू दे, माझ्या जुन्या स्वच्छ लेन्सवर, जशी आहेस तशी. मायला ठेवायला. ती म्हणाली, आता काहून? अन् पापड उचलायला गच्चीवर गेली. जबरदस्ती केली नाही. त्या दिवशी घासून टाकलेली प्लेट आठवत राहिली. नथ किती साफ आली होती.

ता. ९ मे

काल गोरजावर जमुनाचं लग्न लागलं.

वऱ्हाडी मंडळींत अकोल्याचे खुशालराव! उत्तमरावांची केळी त्यांच्याच अडतीत जातात, म्हणून बोलावलं होतं. अंतरपाट दूर झाला, जमुनानं मान वर केली, अन् हा माणूस हातातल्या अक्षता तशाच धरून उभा राहिला. जेवायला बसला नाही. पंगत उठल्यावर मला मांडवाबाहेर बोलावलं. तुमाले बहिनी किती, असं विचारलं. मी म्हटलं, एकच.

मग त्यांनी सांगितलं. नवरात्रात काही कामानं ते अमरावतीत होते. अंबादेवीपाशी आमच्याच टोपलीतला हार घ्यायला रोज यायचे. हारवालीच्या तोंडावर वण आहेत हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. करीन तर हिच्याशीच, म्हणून आईपाशी हट्ट धरला. मुलगी आपण आधी पाहिली हे नत्थुजींना सांगायची लाज वाटली. आई म्हणाली, फोटो तरी मागव. फोटो आला तर त्यात दुसरीच पोरगी. त्यांना वाटलं, वण असलेली घरात दडवून आम्ही भलतीच गळ्यात बांधतोय.

"मंग तो फोटो कोनाचा धाडला व्हता तुमी?"

जमुनाचा, एवढंही मला म्हणता आलं नाही. पाठवणीची वेळ झाली म्हणून माय आतून हाका मारत होती.